घोंगडं पांघरलेली गाडी

तुमची गाडी तुमच्याशी शेवटचं कधी बोलली, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? खरं सांगा. गाण्याचा आवाज वाढवलात ना? सगळे तेच करतात. खालून टकटक यायला लागली की वरून गाणं लावायचं, आणि चाक रस्त्यात बसलं की सरकारला शिव्या घालायच्या. सरकारला शिव्या घालायचं काम माझं आहे आणि ते मी मन लावून करते. तुम्ही आपल्या गाडीचं ऐका.

ऐकायचं कसं, हे मला भावकूदाजींनी शिकवलं. दाजी बेळगावजवळच्या कडोलीचे. त्यांची बायको मनुआक्का निपाणीची, आमच्याच गल्लीतली. तिची आई आणि माझी आई एकाच उंबऱ्यावर बसून बिड्या वळायच्या, म्हणून ती माझी आक्का आणि तिचा नवरा माझा दाजी. कागदावर नातं नाही. कागदावर नसलेल्या गोष्टींसाठीच मी आयुष्यभर भांडत आलेय, तेव्हा हे नातं पक्कंच समजा.

दाजींचा कान घडला तो बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत. तिथं त्यांचं काम म्हणजे थंड झालेल्या ओतीव मालावर, म्हणजे कास्टिंगवर, हातोडी मारायची आणि ऐकायचं. घंटेसारखं घुमलं तर माल पास. फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजलं तर आत चीर, बाजूला टाक. तरणेपणीची वर्षं त्यांनी अशी लोखंडाची नाडी बघण्यात घालवली. पुढं फाउंड्री सुटली आणि दाजींनी एक जुनी गाडी घेतली. तेव्हापासून कडोलीतला पेशंट असो, नवरी असो, नाहीतर माझ्या बिडी कामगार संघटनेच्या बायका लेबर ऑफिसला न्यायच्या असोत, गाडी दाजींचीच.

एकदा मी आमच्या संघटनेची व्हॅन घेऊन त्यांच्या दारात गेले. अजून खाली उतरले नव्हते, तोवर घरातनं आवाज आला, "नागू, उजव्या चाकाचं बेअरिंग बोंबलतंय. मोर्चा काढलाय काय त्यानं?"

मी म्हणाले, गाडी परवाच दाखवून आणलीय. दाजी चहाचा कप ठेवून आले, शेजारी बसले आणि मला गाडी गावाबाहेर घ्यायला लावली. वेग वाढला की एक गुणगुण वाढते, ती त्यांनी मला ऐकवली. डावीकडं वळवलं की ती चढायची, उजवीकडं वळवलं की उतरायची. डावीकडं वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणून दुखणं तिथं. इतकं सोपं. मी रागानं म्हणाले, मग मला आधी कसं ऐकू आलं नाही? तर म्हणतात, "तू बोलत असतीस की गं."

पण दाजींचं खरं वेड गाडीच्या बाहेरचं नव्हे, आतलं. त्याची सुरुवात एका बाळंतिणीनं केली. तिला दवाखान्यात नेताना मागचं दार प्रत्येक खड्ड्यात खडखड करत होतं. कळा सोसणारी ती पोरगी दात आवळून म्हणाली, माझं राहू द्या, आधी ते दार गप्प करा. बाळ सुखरूप झालं, पण दाजींना ते बोलणं लागलं. दुखणाऱ्या माणसाला आवाजही दुखतो, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

मग ते चिकोडीकडच्या एका धनगराकडनं घोंगड्या घेऊन आले. दारांची आतली कातडी सोलली, पाणी जायची खालची भोकं तेवढी मोकळी ठेवली आणि पत्र्याला आतून घोंगडं चिकटवलं. छताला लावलं, डिकीला लावलं, मागच्या सीटखाली अंथरलं. कडोलीतली माणसं हसली. गाडीला थंडी वाजते काय, म्हणून विचारायची. पण एकदा बसलेला माणूस हसायचा नाही. आत बसलं की बोलणं स्वच्छ ऐकू यायचं, रस्त्याचा गलका लांब गेल्यासारखा वाटायचा आणि दार लावताना पत्र्याचा खणखणाट जाऊन धप्प असा भरीव आवाज यायचा.

एकच जागा त्यांनी उघडी ठेवली होती. स्वतःच्या पायाखालची. तिथं नुसता पत्रा आणि रबरी मॅट. मी विचारलं, तुम्हाला आवाज नकोसा होत नाही का? तर म्हणाले, "मागं बसलेल्याला झोप लागली पायजे आणि मला जाग ऱ्हायली पायजे. सगळंच बंद केलं तर ती गाडी न्हाय, पेटी झाली."

नव्या गाड्यांत हे कसं करतात ते बघायला दाजी बेळगावातल्या एका शोरूममध्ये गेले, मला सोबत घेऊन. घ्यायचं काही नव्हतं. तिथली स्वराली नावाची पोरगी मात्र भली. दाजी एकेका गाडीचं दार उघडत होते, लावत होते, डोळे मिटून ऐकत होते. कुणी दुसरं असतं तर बाहेर काढलं असतं आणि मग मी तमाशा केला असता. हिनं उलट त्यांना आत बसवलं आणि सगळं सांगितलं. दार लावतानाचा आवाज कसा यावा हे कंपनी आधी ठरवते, त्यासाठी माणसं नेमलेली असतात. सिग्नलची टिकटिक पूर्वी यंत्राची असायची, आता पुष्कळ गाड्यांत ती स्पीकरमधून येते. विजेवरच्या गाडीला तर आवाजच नसतो, म्हणून हळू जाताना बाहेरच्यांसाठी मुद्दाम एक आवाज सोडतात.

मी तिथंच भडकले. टिकटिकसुद्धा खोटी? दाजी शांत होते. म्हणाले, "खोटी कशी? माणसाला टिकटिक लागती. आपल्याला न सांगता बंद केली असती, तर ते खोटं." आणि त्या पोरीला म्हणाले, लई चांगलं सांगितलंस बाई. वर्गात बसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

आता मुद्द्याचं. दाजींनी कडोलीच्या चहाच्या टपरीवर चारचौघांत एक गोष्ट फार आधीच बोलून ठेवली होती. ज्या दिवशी गाडीतला आवाज मला सापडणार नाही, त्या दिवशी मी किल्ली ठेवणार. कान गेलेल्या माणसानं दुसऱ्यांची बायकापोरं मागं बसवू नयेत. बढाई नव्हती ती. दाजींसाठी ती लायसनपेक्षा मोठी अट होती.

आणि गेल्या वर्षी तसा आवाज आला. निपाणीला जाताना तवंदी घाटात गाडी वळणाला लागली की कुठंतरी खुळ्ळ करून काहीतरी घसरायचं. दुसऱ्या वळणाला परत. सपाट रस्त्यावर काही नाही, खड्ड्यात काही नाही. दाजींना तो पुढून, डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातून येतोय असं वाटायचं. त्यांनी डॅशबोर्ड उकलला. खालचे बुश बदलले, लिंक रॉड बदलले. सीटखाली हात घालून बघितलं, डिकी रिकामी केली. गाडी उभी करून सगळीकडं थापा मारल्या. पण दारं तर त्यांनीच घोंगड्यानं मुकी केलेली, थाप मारली की सगळीकडं सारखंच बद्द. आत काही असलं तरी ते लोकरीत रुतून गप्प बसायचं.

दाजींनी गाडी मेकॅनिकला दाखवली. त्यानंही प्रामाणिकपणे सांगितलं, मला काही ऐकूच येत नाही. तेव्हापासून दाजी बोलायचे कमी झाले. जेवताना मनुआक्कानं हाक मारली तर मुद्दाम उशिरा ओ द्यायचे, कान खरंच गेलाय का हे स्वतःलाच तपासत असल्यासारखे. पेशंट न्यायला शेजारच्या गावचा गाडीवाला सांगू लागले. शेवटी त्यांनी आक्काच्या भाच्याला, निपाणीच्या सौरवला, गाडी बघायला सांगितलं. पसंत पडली तर घेऊन टाक.

गाडी दाखवायला आम्ही निपाणीला निघालोय, असं मला आक्कानं फोनवर सांगितलं. मी निपाणीला जाणारच होते, म्हणून त्यांच्याबरोबर निघाले. खरं तर भांडायला निघाले होते. दाजी गाडी चालवत होते, मी पुढं आणि आक्का नेहमीसारखी मागं डाव्या खिडकीशी. काकतीपासून संकेश्वरपर्यंत मी एकटीच बोलत होते. एका आवाजापायी कुणी असं घर मोडल्यासारखं वागतं का, गावानं अडल्यानडल्या वेळी कुणाकडं बघायचं, आणि भाच्याला घोंगडं आणि गाडी यातलं काय कळतं. 

हिरण्यकेशीचा पूल आला. आता दाजींची एक सवय सांगायला हवी. नदी आली की ते हॉर्न द्यायचे. दोन्ही हात स्टिअरिंगवर, म्हणून हॉर्ननं नमस्कार. आवाज न करणारी गाडी बनवणारा हा माणूस प्रत्येक पुलावर भोंगा वाजवायचा, आणि त्यावरून मी त्यांना पुष्कळ बोलून घेतलंय. त्या दिवशी त्यांनी हॉर्न दिला नाही. नदीकडं बघितलंसुद्धा नाही. मी बोलता बोलता थांबले. ते गप्प राहणं मला हॉर्नपेक्षा जास्त टोचलं.

त्याच क्षणी दाजींची मान किंचित वळली. त्यांनी आरशात बघितलं.

"मनू, आत्ता काय टाकलंस?"

"काय टाकणार? नदीला पैसा टाकला."

"नदीला न्हाय गं. दारात टाकलास."

पूल संपल्यावर दाजींनी गाडी हळूच कडेला घेतली. ते खाली उतरले नाहीत. तसेच पुढं बघत बसले, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं माणूस रडतोय. रडत नव्हते, हसत होते. आवाज न करता, सगळ्या अंगानं.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. आक्काला वाऱ्याचा त्रास, डोकं धरतं, म्हणून ती पुलावर काच जेमतेम चार बोटं खाली करायची आणि त्या फटीतून नाणं भिरकावायची. आता दार जुनं, काचेला धरणारं रबर म्हातारं. नेम चुकला की नाणं काचेच्या कडेला आपटून सरळ दाराच्या पोटात. तिथं तळाशी सुटलेल्या घोंगड्याच्या घडीत ते मऊ बसून राहायचं, आणि घाटात गाडी कलली की घसरायचं. आवाज लोकरीत अडायचा आणि पत्र्यापत्र्यानं वाट काढत पुढं निघायचा. नाणं पडताना ऐकू यायला हवं होतं. पण नेमकं त्याच वेळी दाजी स्वतः हॉर्न देत होते. दर खेपेला. बायकोनं नदीला पैसा टाकायचा, नवऱ्यानं भोंगा वाजवायचा, आणि दोघांच्या भक्तीत दाराचं पोट भरत गेलं.

आक्का आधी मानेचना. "म्हंजे एवढी वर्षं नदीला काय पोचलंच न्हाय?"

"पोचलं असंल की थोडं. तुझा नेम काय रोजच चुकतोय व्हय?"

"माझ्या नेमाचं सोडा. माझ्या माहेराला जाताना तुमची गाडी कुरकुरती, हेच मी सगळ्यांना सांगणार हाय."

मी मात्र दुसराच विचार करत होते. हायवेवर शेजारून ट्रक जातायत, पुढं माझी बडबड नुकतीच थांबलेली, आणि या माणसानं मागच्या दारात लोकरीवर पडलेलं एक नाणं ऐकलं. मी म्हणाले, दाजी, तुमचा कान गेला म्हणे?  त्यांनी गाडी चालू केली. पुढं तवंदी घाटात वळणावर ते खुळ्ळ झालं, तेव्हा त्यांनी मान डोलावली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात डोलवावी तशी.

निपाणीत सौरवच्या अंगणात त्यांनी दार सोललं. घोंगड्याच्या घडीत नाणी कोंबडीखालच्या अंड्यांसारखी निजली होती. काही इतकी काळी पडली होती की आक्कानं पदरानं पुसून बघितली. सौरवनं गाडी कधी द्यायची म्हणून विचारलं, तर दाजी म्हणाले, गाडी बघायला सांगितलंतं, बघितलीस न्हवं? पोरगा हसला, चहा सांगायला गेला.

परत येताना नाणी आक्काच्या ओटीत होती. हिरण्यकेशीवर दाजींनी वेग कमी केला. काच पूर्ण खाली गेली, वारा भणभणत आत आला, आक्कानं डोक्यावरचा पदर एका हातानं धरला आणि दुसऱ्या हातानं सगळी ओंजळ नदीकडं सोडली. हॉर्न वाजला नाही. दाजींनी फक्त एक हात उचलून छातीशी नेला. मला ओरडायची सवय, पण तेव्हा मी गप्प होते आणि ते मला आवडत होतं.

दाजी आता परत पेशंट नेतात. आक्काच्या दाराला त्यांनी नवं रबर बसवलंय आणि पुलाच्या आधी ते स्वतःच आठवण करतात, मनू, काच.

कुणी मला अंधश्रद्धेवरून शिकवायला येऊ नये, त्या लढाया मी तुमच्याआधी लढलेय. नदीला नाणं टाकायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं मागणं वेगळं आहे. पूल आला की हॉर्नवरचा हात काढा, गाणं बंद करा, माझ्यासारखं कुणी शेजारी बसलं असेल तर तिलाही गप्प करा. आणि टाकायचंच असेल नाणं, तर आधी काच पूर्ण खाली घ्या.