आखाजीचं भांडण आणि मुलीचा वर्ग

मी चोपड्याला माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझी मुलगी टांझानियातल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना तत्त्वज्ञान शिकवते. हे वाक्य मी वर्षभरात इतक्यांदा बोलले आहे, की स्टाफरूममध्ये कोणी नवीन आलं तर जुन्या मॅडमच ते माझ्या वतीने बोलून टाकतात. त्यावर येणारा प्रश्नही ठरलेला असतो : "तत्त्वज्ञान? ते शिकवतात तरी कसं?" या उन्हाळ्यापर्यंत त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं मी सांगत नाही.

तिची नेमणूक एका वर्षाची होती. सत्र संपत आलं की विभागप्रमुख वर्गात येऊन बसणार, तास बघणार आणि तिला पुढे ठेवायचं की नाही ते ठरवणार, असं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला तिथेच राहायचं होतं. मुलं चांगली आहेत, अभ्यासू आहेत, असं ती म्हणायची. अडचण एकच होती. मुलं वर्गात बोलत नव्हती.

दर रविवारी दुपारी तिचा फोन येई. मी पहिला प्रश्न विचारी, "या आठवड्यात किती जण बोलले?"

"दोन. त्यातल्या एकाने खिडकी बंद करू का विचारलं."

"म्हणजे एक."

"आई, तू माझी बाजू घ्यायला आहेस की बेरीज करायला?"

ती सांगायची, मी शिकवते ते सगळं मुलं उतरवून घेतात. दूरच्या देशातल्या जुन्या विचारवंतांची नावं, मतं, व्याख्या. मग विचारतात, परीक्षेला येणार का? तुम्हाला काय वाटतं म्हटलं की माना खाली. ती मुलांवर चिडत नव्हती, पण तिचा आवाज दर रविवारी थोडा बारीक होत होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी थोरली नणंद आमच्याकडे आली. ती चोपडा तालुक्यातल्याच आमच्या गावची माहेरवाशीण, पासष्टीची, जीभ अजून तिखट. मी फोनवर मुलीला विचारत होते, "तुझ्या मुलांना मतंच नाहीत असं कसं होईल?"

"मतं आहेत. शिक्षकासमोर बोलणं त्यांना उद्धटपणा वाटतो. घरीही मोठ्यांना उलटून बोलत नाहीत."

"आपल्याकडे तरी कोण बोलतं?" मी म्हणाले.

नणंदेने झोक्यावरूनच आवाज दिला, "हाई कोन बोली राह्यनी? आमनी डायले पानी म्हने, तीच ना ही?"

मुलगी हसली. "आत्या काय म्हणतेय?"

"आमच्या डाळीला पाणी म्हणणारी तीच ना ही, असं," मी म्हणाले, आणि मग मला सगळं सांगावं लागलं. माझं माहेर आणि सासर एकाच नदीच्या दोन काठांवर. आखाजीच्या दिवशी गौराईला निरोप द्यायला दोन्ही गावच्या पोरी नदीवर जात आणि घोट्याएवढ्या पाण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून एकमेकींच्या गावांची यथेच्छ निंदा करत. एरवी मान वर न करणाऱ्या पोरी त्या दिवशी पाटलालाही सोडत नसत, आणि पाटील ऐकून घेई. तिथलं बोलणं तिथेच सोडायचं, घरी आणायचं नाही. आमच्या काठावर आणखी एक नियम होता. टोमणा खरा हवा. खोटा मारला तर आपल्याच पोरी गप्प करत.

"तुझा टोमणा कोणता होता?" मुलीने विचारलं.

"साठ घरं, एक विहीर. मग डाळ पातळच असणार. मी आदल्या दिवशी मोजून आले होते."

"आणि मंग याच गावमा पडनी!" नणंद म्हणाली. "सांग ना, पुढे काय झायं?"

पुढे असं झालं, की लग्नानंतरच्या आखाजीला सासूबाईंचा पाय मोडला म्हणून मला माहेरी जाता आलं नाही. नणंदेने मला हाताला धरून नदीवर नेलं, या काठावर. समोर माझ्याच मैत्रिणी. त्यांनी माझाच टोमणा माझ्यावर फेकला. मी मनात माहेरच्या विहिरी मोजल्या. मग म्हणाले, "साठ घरं एका विहिरीवर भागतात, म्हणजे आमच्यात भांडण नाही. तुमच्या सहा विहिरी, आणि सहांवरही भांडण!" आकडे तेच होते. मला त्यांचा दुसरा अर्थ लावावा लागला, कारण मी दुसऱ्या काठावर उभी होते.

"काठ बदलला," मुलगी एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या आठवड्यात तिने बाकं दोन्हीकडे सरकवून मधे रिकामी वाट ठेवली. मुलांना आमच्या नदीची गोष्ट सांगितली आणि फळ्यावर प्रश्न लिहिला : वडीलधाऱ्यांचं म्हणणं केवळ ते वडीलधारे आहेत म्हणून खरं मानावं का? एका बाजूने हो म्हणायचं, दुसरीने नाही. टोमणा चालेल, पण त्याला कारण हवं. अर्ध्या तासानंतर काठ बदलायचा.

एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, हे आमच्याकडेही आहे." तिच्याकडे काही जमातींच्या जोड्या ठरलेल्या असतात. त्यांनी एकमेकांची हवी तेवढी थट्टा करावी, समोरच्याने राग मानायचा नाही. आजोबा-नातवंडांतही चालतं. त्याला ते उटानी म्हणतात. मग कोण कोणाची थट्टा करू शकतो यावरच वर्गात गोंधळ उडाला. माझ्या मुलीने तो गोंधळ होऊ दिला.

"किती बोलले?" मी त्या रविवारी विचारलं.

"एकोणीस!" तिने माझ्यासाठी मोजले होते.

जूनमध्ये विभागप्रमुख आले. पांढऱ्या केसांचे, सगळं विद्यापीठ ज्यांना वाट देतं असे. मागच्या बाकावर बसले. मुलं पुन्हा गप्प झाली. मुलीने तोच प्रश्न पुन्हा फळ्यावर लिहिला, पण कोणी तोंड उघडेना. शेवटी सरांनीच हात वर केला. म्हणाले, "मी 'हो' म्हणणाऱ्यांकडून बोलतो. वडीलधाऱ्यांनी जास्त पावसाळे पाहिलेले असतात, म्हणून त्यांना जास्त कळतं."

ती उटानीवाली मुलगी उभी राहिली. सरांची जमात आणि तिची जमात थट्टेच्या जोडीतल्या होत्या. ती म्हणाली, "सर, आमच्या दारातल्या आंब्याने तुमच्याहून जास्त पावसाळे पाहिलेत. मग त्यालाच विचारू का?"

माझी मुलगी मला म्हणाली, "आई, तेव्हा माझ्या हातातला खडू खाली पडला. वाटलं, सामान बांधावं."

सर उठले. मधल्या वाटेपर्यंत आले. "विचार," ते म्हणाले. "पण आंबा चुकला तर तो कबूल करेल का? मी करतो. म्हणून मला विचार."

वर्ग बाकं बडवू लागला. दंगा शमल्यावर माझ्या मुलीने खडू उचलला, घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, "आता काठ बदला." सरांनाही. सर खरोखर वाट ओलांडून पलीकडे गेले आणि वडीलधाऱ्यांवर विश्वास का ठेवू नये हे सांगू लागले. त्या मुलीला वडीलधाऱ्यांची बाजू घ्यावी लागली. तिने ती सरांपेक्षा चांगली मांडली, असं सर स्वतःच जाताना म्हणाले.

नेमणूक तीन वर्षांनी वाढल्याचं पत्र आलं त्या रविवारी नणंद पुन्हा आमच्याकडेच होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"आई, मोजलेच नाहीत," मुलगी म्हणाली. "मोजायला फुरसत कुठे होती?"

मी हिशोबी बाई. पण याहून चांगला आकडा मला आजवर कोणी सांगितलेला नाही. मी फोन नणंदेकडे दिला.

"पोरी," ती म्हणाली, "त्या सरले सांग, आमनी डाय आते घट्ट शे."