कोपरच्या घरातली इजिप्तची देवी

माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी कैरोला होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याने तिथल्या संग्रहालयाच्या दुकानातून वीतभर उंचीची कांस्याची मूर्ती आणली. जुन्या मूर्तीची हुबेहूब नक्कल. बसलेली बाई, डोक्यावर गाईची शिंगं, शिंगांमध्ये सूर्य आणि मांडीवर अंगावर पिणारं बाळ. देवीचं नाव इसिस.

"हे नाव बाहेर कुठे सांगू नका," भाऊ म्हणाला.

कोपर स्टेशनजवळच्या बिल्डिंगमधलं आमचं घर बौद्ध. घरात देव ठेवायचे नाहीत, यात बाबा कुणाला सवलत देत नसत.

"हिला कोणी पूजतं का?" त्यांनी विचारलं.

"आता नाही. पूर्वी लोक नवसाच्या अशा मूर्ती देवळात वाहायचे. फार झाल्या की पुजारी पुरून टाकायचे."

बाबांनी जरा विचार केला. "मग चालेल," म्हणाले, आणि टीव्हीशेजारी जागा करून दिली.

तळमजल्यावर एक कोळी मावशी राहायच्या, बाजारात मासळी विकायच्या. त्यांची सून सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ काचेच्या पेटीत होतं. हॉस्पिटलचा डबा माझी आई करून द्यायची, तो न्यायला मावशी वर यायच्या. एकदा डबा भरेपर्यंत त्या मूर्तीसमोर उभ्या राहिल्या.

"ही कोनची देवी?"

"इजिप्तची," मी म्हटलं.

"पोराला पाजते ना. मग झालं." त्यांनी डोळे मिटून हात जोडले. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

बाळ वाचलं. ते घरी आल्यावर मावशी नारळ, खण आणि गजरा घेऊन दारात आल्या. नवस बोलल्या होत्या. आई बाबांकडे बघत राहिली.

"ताई, आमच्याकडे पूजा होत नाही," बाबा म्हणाले. "इतके दिवस ती शोभेची वस्तू होती. आता तुमची देवी झाली. तुम्हीच घेऊन जा."

"अवो, पोरानं लांबून आनलेली."

"त्याला मी सांगतो."

मावशींनी मूर्ती पदरात गुंडाळली आणि कठड्याला धरून हळूहळू खाली उतरल्या. मला वाईट वाटलं. रविवारी ती पुसायचं काम माझं असायचं.

"पूजा इथे नको, एवढंच सांगायचं होतं," मी म्हटलं.

"त्यांनी हात जोडले तेव्हाच सांगायला हवं होतं," बाबा म्हणाले. "बाळ पेटीत होतं. तेव्हा जमलं नाही."

रात्री भावाचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "दुसरी आणू का?"

"नको," बाबा म्हणाले. "बिल्डिंगमध्ये अजून दोघी गरोदर आहेत."