मनुबाई, आबिदा आणि गोधड्यांच्या सहली

गोधडी भिंतीवर टांगतात, हे आम्हाला पुण्याला गेल्यावर कळलं. मोठा हॉल, वर पांढरे दिवे आणि भिंतीभर गोधड्या लटकवलेल्या. खाली पाट्या : हात लावू नये. मनुबाई एका निळ्या गोधडीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिच्यावर अजून कोन झोपलंच न्हाय काय गो?" मी तिला चिमटा काढला. शेजारी उभ्या असलेल्या एक चष्मेवाल्या बाई मात्र मनापासून हसल्या. त्या रुचिकाताई. प्रदर्शन त्यांनीच भरवलं होतं, आणि ती निळी गोधडीही त्यांचीच होती.

याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मनुबाई छपन्नची होती आणि माणगावच्या पलीकडे कधी गेलेली नव्हती. नवरा मुंबईत एका गोदामात कामाला होता, तो गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. तिला मुंबई दाखवायचं त्याने वीस वर्षं कबूल केलं आणि मग तो वारलाच. मुलगा सुजित उरणला कंटेनरच्या यार्डात नोकरीला. घरी सून, थोडी भातशेती आणि मनुबाई. बोर्लीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. तिथे ती कटपीस आणि चिंध्या न्यायला यायची. चिंधी मी फुकट देत असे, तरी ती निवडायला तास लावायची. मला राग यायचा. फुकटच्या वस्तूत एवढं काय बघायचं, असं मी तिला एकदा तोंडावर म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "मृणाल, फुकट हाय म्हनून वंगाळ घिऊ काय?" तेव्हापासून मी तिच्याशी वाद घालणं सोडलं आणि तिच्याकडे शिवायला बसू लागले.

आम्ही चौघी. मनुबाई, मी, दिघीची आबिदा आणि शेजारच्या आळीतली रतन. आबिदाचा मुलगा कैस कुवेतला. तिचं घर मोठं, टाइल्सचं, आणि त्यात ती एकटी. मनुबाईची आणि तिची ओळख बाजारात सुकट घेताना भांडणातून झाली, असं दोघीही सांगत. भांडण कशावरून झालं ते मात्र दोघी वेगवेगळं सांगायच्या. रतन म्हणजे अखंड बडबड. एसटीत बसली की तिला उलटी होई, तेवढा वेळ काय ती शांत.

गोधडी शिवायची आमची रीत अशी : गोधडी जमिनीवर पसरायची आणि चार बाजूंना चौघींनी बसायचं. प्रत्येकीने आपापली बाजू शिवत मध्याकडे सरकायचं. आपल्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात गाठ मारून ओळ सुरू करायची आणि डावीकडे जायचं. पण मनुबाई डावखुरी. ती डाव्या कोपऱ्यातून सुरू करायची, आणि तिच्या डावीकडे बसलेल्या आबिदाचा उजवा कोपरा नेमका तोच. त्यामुळे प्रत्येक ओळीला दोघी खांद्याला खांदा लावून गाठ मारत आणि मग एकमेकींपासून दूर जात. आमच्या प्रत्येक गोधडीला एका कोपऱ्यात गाठींच्या दोन रांगा असायच्या आणि त्याच्या पुढच्या कोपऱ्यात एकही गाठ नसायची. गिऱ्हाईक विचारायचं, हा कोपरा असा खडबडीत का? रतन बेधडक सांगायची, "तो पायाकडं घ्यायचा, तळव्याला बरा असतो."

पुण्यानंतर रुचिकाताई आम्हाला प्रदर्शनांना बोलावू लागल्या आणि आमचं फिरणं सुरू झालं. कोल्हापूर, नाशिक, परत पुणे, एकदा ठाणे. उत्तरेकडे जायचं तर दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, पुढे एसटी. गोधड्यांची बोचकी आम्ही बोटीच्या कठड्याशी रचायचो आणि त्यांच्यावरच बसायचो. मनुबाईकडे तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी, आबिदाकडे तळलेले बोंबील. कोल्हापूरला आमची सोय एका शुद्ध शाकाहारी धर्मशाळेत केली होती. रात्री व्यवस्थापक नाक धरून आला आणि विचारू लागला, वास कसला येतो? मनुबाईने शांतपणे सांगितलं, "समुद्राकडची मानसं आवो आमी, अंगालाच येतो." तो बिचारा ओशाळून गेला. आम्ही उशीत तोंड खुपसून हसलो. असं हसणं पुढे मला कुठे सापडलं नाही.

सगळ्यांत आवडती सहल नागावची. तिथे रुचिकाताई दर हिवाळ्यात चार दिवसांचं शिबिर घेतात. मुंबई-पुण्याच्या बायका येतात, नारळाच्या बागेत बसून शिवतात आणि त्यासाठी फी भरतात. हे ऐकून मनुबाईला प्रथम खरंच वाटेना. "आमच्यात शिवायला कुनाला बोलवायचं तर वर च्या पाजावा लागतो," म्हणाली. आम्ही तिथे शिकवायला जायचो. मनुबाई मास्तरीण म्हणून भयंकर कडक. एका डॉक्टर बाईचे टाके तिने तीनदा उसवायला लावले. ती डॉक्टर बाई पुढच्या वर्षी परत आली आणि तिच्याच शेजारी बसली. घरी सासू, आई, आजी असलेली ही बाई नागावला नुसती मनुबाई असायची. शिबिराची तारीख कळली की दीड महिना आधी तिची पिशवी भरलेली असे. सून हसायची. मला मात्र ती पिशवी बघून गलबलायला व्हायचं. छपन्न वर्षं ही बाई कुठे कोंडली होती, असं वाटायचं.

चार वर्षांपूर्वी तिचे टाके लांब पडू लागले. आधी वाटलं, घाई करतेय. मग ओळी वाकड्या जायला लागल्या आणि सुई बोटात शिरू लागली. सुजितने पनवेलला नेऊन दाखवलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, उरलंय ते थेंब टाकून सांभाळा. परत आल्यावर ती आम्हाला एवढंच म्हणाली, "मला दिसतंय अजून. मला न्या हां." मनुबाईने कुणाकडे काही मागितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता आम्ही काय केलं ते सांगते. अभिमानाने सांगण्यासारखं नाही. शिबिराला आणि प्रदर्शनाला येणाऱ्या गोधड्या रुचिकाताई बारकाईने बघत. बिघडलेले टाके दिसले असते तर त्यांनी दुसरी बाई आणा म्हटलं असतं. म्हणून गोधडी झाली की आबिदा ती "कडेची पट्टी लावते" असं सांगून दिघीला न्यायची. तिथे दुपारभर बसून मनुबाईची बाजू उसवायची आणि स्वतः नव्याने शिवायची. रतनला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मनुबाईला तेवढं माहीत नव्हतं. दोन वर्षं, पाच गोधड्या. आबिदाच्या बोटांना घट्टे पडले. मी एकदा म्हटलं, आबिदा, किती दिवस असं करणार? ती म्हणाली, "ती येते तवर."

शेवटी पुण्यालाच ते उघडं पडलं. प्रदर्शनाचा दुसरा दिवस. एक वयस्कर बाई आमच्या गोधडीशी थांबल्या, टाके निरखले आणि विचारलं, ही बाजू कुणाची? काय सुरेख हात आहे! आबिदा घाईघाईने म्हणाली, "ती मनुबायची." त्या बाईंनी मनुबाईचा हात धरून कौतुकाने गोधडीवर ठेवला. मनुबाई हसली. तिची बोटं सवयीने डाव्या कोपऱ्याकडे गेली आणि तिथे थांबली. मग ती चाचपडत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेली. मला समोर उभ्याउभ्या कळलं की आपण मेलो. आबिदा उजव्या हाताची. तिने सवयीने उजवीकडून सुरुवात केली होती. एका कोपऱ्यात गाठींच्या दोन रांगा हव्यात तिथे एकच होती, आणि जिथे गाठ असायला नको तिथे दुसरी. पाच गोधड्यांत हे आमच्या एकीच्याही लक्षात आलं नव्हतं.

मनुबाई फोटोला उभी राहिली, जेवली, एसटीत माणगावपर्यंत डोळे मिटून बसली. माणगावच्या स्टँडवर चहा समोर आल्यावर तिने विचारलं, "किती?"

"काय किती?" आबिदा म्हणाली.

"गोधड्या किती शिवल्यास माज्या?"

"पाच."

"पाच येळा मी लोकांच्यापुढं माजं म्हनून मिरवलं व्हय?" तिचा आवाज चढला, स्टँडवरची माणसं वळून बघू लागली. "तुमी तिघी हसला असाल."

"अल्लाची कसम, कोन हसलं न्हाय," आबिदा रडकुंडीला आली. "तुला घरी ठिवून जायचं कसं? माझं पाय उचलत न्हाय."

"मग मला इचारायचं व्हतं. डोळं गेलं माजं. अक्कल न्हाय गेली."

तिने चहा तसाच ठेवला. त्या दिवसापासून दोन महिने ती आबिदाशी बोलली नाही. दिघीहून रिक्षा करून आबिदा तीनदा आली आणि तीनदा पडवीत बसून परत गेली. मनुबाई आत भांडी वाजवत राहायची. त्या दिवसांत मी दोघींवरही चिडले होते आणि स्वतःवर त्याहून जास्त.

डिसेंबरात रुचिकाताईंचा फोन आला. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण म्हणाल्या, शिकवणाऱ्या तिघीच या, मनुबाईंना बागेत उगाच बसवून ठेवणं मला बरं वाटणार नाही. मी ताडकन म्हटलं, चौघी येऊ, नाहीतर कोणी नाही. आणि फोन ठेवला. फार बरं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी मनुबाई काठी टेकत दुकानात हजर. रतनच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिनेच सांगितलं असणार. गिऱ्हाईकांसमोर मनुबाईने माझी जी हजेरी घेतली, तशी माझ्या आईनेही कधी घेतली नव्हती.

"माज्यासाठी तुमी घरी बसनार? मी सांगितलं तुला?"

"मनुबाई, तुझ्याशिवाय आम्ही—"

"छपन्न वरसं मी घरी बसले. कसं असतं त्ये तुला म्हाईत हाय? न्हाय ना? मग दुसऱ्या बाईला का बसवतीस? ती आबिदा त्या येवढ्या घरात एकटी भिंती बघत बसंल. फोन लाव त्या बाईला. तिघी जानार म्हन."

मी फोन लावला. तिने समोर उभं राहून लावून घेतला.

नागावला आम्ही तिघी गेलो. खरं सांगायचं तर जाताना बोटीवर कोणी भाकरीचं पुडकंसुद्धा सोडलं नाही. पण तिथे पोचल्यावर काय झालं कोणास ठाऊक. बाग तीच, बायका ओळखीच्या, संध्याकाळचा वारा गोड. दुसऱ्या दिवशी रतनने त्या डॉक्टर बाईबरोबर मोबाईलवरच्या गाण्यावर फुगडी घातली आणि दोघी धपकन पडल्या. आबिदा इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता ती एकदम उठली आणि खोलीत निघून गेली. मी मागोमाग गेले. पलंगावर बसून ती म्हणाली, "बघ ना मृणाल. तिच्याबिगर हसायला येतंय मला."

परत आलो त्या दुपारी बोटीतून उतरल्यावर आबिदा दिघीच्या आपल्या घरी गेली नाही. ती आमच्याबरोबर थेट मनुबाईच्या घरी आली. मनुबाई पडवीत तांदूळ निवडत बसली होती, बोटांनीच. पावलं ऐकून तिने सूप बाजूला ठेवलं.

"आलात? बसा. कसं झालं?"

रतनने तोंड उघडायच्या आत आबिदा म्हणाली, "काय न्हाय गो. काय मजा न्हाय आली. जेवानपन धड नव्हतं. तू नव्हतीस तर कसली मजा!"

मनुबाईने हात पुढे करून आबिदाचा गुडघा चाचपला आणि त्यावर हात ठेवला. दोन महिन्यांत, नव्हे जवळजवळ तीन महिन्यांत, पहिल्यांदा.

"आबिदा," ती म्हणाली, "आता पुन्यांदा माज्याशी खोटं बोलू नको. मला तिथलं दिसनार न्हाय. तू सांगशील त्येवढंच मला मिळनार हाय. आली ना मजा?"

आबिदाने मान डोलावली. मग मनुबाईला ते दिसणार नाही हे तिच्या ध्यानात आलं.

"आली," ती म्हणाली. "लय मजा आली मनुबाय."

"हां. आता सांग."