पोंगलचं दूध आणि कंपनीचं निवेदन

भिंतीला भिंत लागलेली असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचत जातात. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत माझं स्वयंपाकघर आणि रुक्माक्काचं, मधे एकच भिंत. तिचा मुलगा सेतू इथल्या एका दुधाच्या कंपनीत पब्लिक रिलेशनला आहे. काही बिघडलं की पेपराला निवेदन तो देणार, खाली सही त्याची. मी नववीपर्यंत शिकलेली. पण त्याची निवेदनं पेपरात येण्याआधीच मला पाठ असतात, कारण तो ती मोठ्यानं वाचून बघतो.

*

मागे कंपनीची व्हॅन कालव्यात कलंडली. मालकाला इथं तमिळमध्ये मुदलाळी म्हणतात. मुदलाळींचा नियम एकच, बातमीच्या आधी निवेदन पोचलं पाहिजे. त्यामुळे कुणाला विचारायला वेळ नव्हता. सेतूनं लिहून टाकलं, "ड्रायव्हर ठणठणीत आहे."

ड्रायव्हर पांडियन तेव्हा हॉस्पिटलात पाय वर टांगून पडला होता. सकाळी त्यानं पेपर वाचला आणि नर्सला दाखवला. म्हणाला, "कंपनी म्हणते मी बरा आहे. मग हा पाय खाली सोडा की."

सेतू संत्री घेऊन त्याची माफी मागून आला. ते काही पेपरात आलं नाही.

*

त्याच सुमारास ओरत्तनाडूचे भीमराव आपल्या मुलीसाठी, लक्ष्मीसाठी, सेतूला बघायला आले. तालुका ऑफिसातून रिटायर झालेला माणूस, प्रत्येक कागद दोनदा वाचणारा. मुलगा नेमकं काय करतो, असं त्यांनी विचारलं. रुक्माक्का म्हणाली, कंपनीच्या वतीनं बोलतो.

"खरं की खोटं?"

रुक्माक्कानं शिऱ्याची बशी पुढं केली. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती, सेतूच्या फोनवरच्या बोलण्यावरून भिंतीपलीकडे मलासुद्धा कळत होतं. पण भीमराव नुसतं "कळवतो" म्हणून बसस्टँडला गेले.

*

मग यंदाचा पोंगल, म्हणजे इथली संक्रांत. अंगणात चूल मांडून नव्या मडक्यात दूध तापवायचं, ते उतू गेलं की सगळ्यांनी मिळून "पोंगलो पोंगल" ओरडायचं, म्हणजे वर्ष भरभराटीचं जातं. आम्ही ओरडायला तोंडं उघडली आणि दूध फाटलं. शेजारी फाटलं. समोर फाटलं. सगळी गल्ली तोंडं मिटून सेतूच्या दाराकडे बघत राहिली. गल्लीनं हे दूध त्याच्याच भरवशावर लावलं होतं.

सेतू न्हाणीघरात होता. पाकिटावरचा तक्रारीचा नंबर म्हणजे त्याचाच मोबाइल, तो रुक्माक्कानं उचलला. पलीकडची बाई कंपनीचा उद्धार करत होती. रुक्माक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की पाणी निथळून टाका, साखर घालून आटवा, वर वेलदोडा घाला. थोड्या वेळानं तीच बाई साखर किती घालू ते विचारत होती. तिनं शेजारणीलाही नंबर दिला होता.

तेवढ्यात भीमरावांचा फोन. कंपनीची व्हॅन ओरत्तनाडूलाही जाते.

"आमचंही फाटलं," ते म्हणाले. "चूक कुणाची, ते पेपरात वाचतो. मग लग्नाचं बोलू."

त्यानंतर फोन करणाऱ्यांना रुक्माक्का वेलदोडा सांगायची विसरली.

*

चूक कुणाची, ते सेतूला ठाऊक होतं. कंपनीची कोल्ड रूम आदल्या दिवशी बंद पडली होती, इंजिनियरनंच त्याला सांगितलं होतं. पण मुदलाळींनी निवेदन स्वतःच लिहून दिलं: ग्राहकांनी दूध फ्रिजमध्ये न ठेवल्यामुळे ते नासलं. खाली सही सेतूची. सही करायची नसेल तर सोमवारपासून येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मुदलाळींच्या घरी पत्रकारांना बोलावलं. सेतूचा डबा घरी राहिला होता, म्हणून तो द्यायला मी गेले. तो राहील एवढी काळजी मीच घेतली होती.

पत्रकार साडेदहाला आले आणि नेमका तेव्हाच राहुकाळ लागला. राहुकाळात चूक कबूल करायची नाही आणि नाकारायचीही नाही, असं मुदलाळींचं मत. बारापर्यंत सगळ्यांना दोनदा कॉफी पाजली. एक पत्रकार हात धुवायला आत गेला आणि ओट्यावरच्या दुधाच्या पाकिटाचा फोटो काढून बाहेर आला. पाकीट दुसऱ्या कंपनीचं होतं.

मुदलाळी म्हणाले, "तुलनेसाठी आणलंय."

*

बारा वाजले. सेतूनं मुदलाळींच्या आईला आतून हाताला धरून आणलं आणि पहिल्या खुर्चीवर बसवलं. ऐंशीच्या पुढची बाई, पण कान तिखट. मग त्यानं निवेदन वाचायला घेतलं. फ्रिजच्या वाक्याशी आला आणि थांबला.

"अम्मा, काल तुमच्या मडक्यातलं आपल्या कंपनीचं दूध कसं होतं?"

"फाटलं."

"फ्रिजमध्ये ठेवलं नव्हतं का?"

म्हातारी काठी टेकून उभी राहिली. सेतूकडे तिनं पाहिलंच नाही, मुलाकडे पाहिलं.

"हे तू माझ्याबद्दल छापणार?"

मुदलाळींनी सेतूच्या हातातला कागद मागून घेतला, पेनही मागितलं. त्यावर सही अजून कुणाचीच नव्हती.

शनिवारच्या पेपरात तीन ओळी होत्या. "कोल्ड रूम बंद पडली होती. चूक कंपनीची आहे. माझ्या आईनं दूध फ्रिजमध्येच ठेवलं होतं." खाली सही मुदलाळींची.

सेतूला सोमवारी यायला सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही.

*

रविवारी सकाळी भीमराव आले. खिशात पेपराचं कात्रण, घडी घातलेलं. मी रुक्माक्काकडे विरजण मागायला गेले होते आणि तिथंच बसले.

भीमरावांनी कात्रण काढून पुन्हा एकदा वाचलं, ठेवून दिलं. सही सेतूची का नाही, हे त्यांनी विचारलं नाही. लक्ष्मीचं नाव कुणी काढलं नाही. रुक्माक्कानं कॉफी आणून ठेवली. भीमरावांनी आधी टंबलरमध्ये वाकून बघितलं.

"दूध कुठलं?"

रुक्माक्कानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

सेतू म्हणाला, "दुसऱ्या कंपनीचं."

भीमरावांनी टंबलर उचलला, कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि पदराला हात पुसत उभ्या असलेल्या रुक्माक्काला म्हणाले, "पंचांग आहे का घरात?"