स्क्रीनवरचा खारपाणपट्टा

आमच्या अमरावतीच्या नकाशा कार्यालयातलं जुनं युनिक्स संगणकाचं मशीन रुसलं की दुरुस्तीवाले काका येतात आणि आल्या आल्या चहा मागतात. भातकुलीकडचे आहेत. तिथलं जमिनीखालचं पाणी खारं, सगळा खारपाणपट्टाच. म्हणून की काय, मशीनचा आजारही ते शेतीच्या भाषेत सांगतात.

परवा जिल्ह्याचा भूजल नकाशा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता आणि स्क्रीनवर रंगांचे नुसते जाड पट्टे उमटले. माझा जीव टांगणीला.

"ताई, कावून घाबरून राहिल्या? मशीनले खारपाण लागलं. आठ बिटात मोजकेच रंग उगवते."

गुणगुणत, दोनच बोटांनी टाईप करत त्यांनी रंगांचं सेटिंग चोवीस बिटवर नेलं. स्क्रीन काळी झाली. मी घड्याळाकडे पाहत होते, ते बशीतला चहा फुंकत बसले. मग नकाशा उजळला. पट्टे जाऊन रंग एकमेकांत अलगद मिसळले होते.

"लागलं गोडं पानी!"

मग नेहमीसारखं त्यांनी त्यावर स्वतःचं गाव शोधलं. खारपाणपट्ट्यातच होतं, उलट आता जास्तच ठळक.

"या खऱ्या खारपाणाची सेटिंग कुठं असते, थे काई अजून सापडलं नाई," म्हणाले, आणि हसत दुसरा चहा मागितला.