लाभार्थीने सभेस बसू नये

माझी मुलगी चौथीत असताना मी लोकांना कौतुकाने सांगत असे की पोरीला प्रार्थनेची फार ओढ आहे. आमच्या श्रीरामपूरच्या घरी दिवेलागणीला प्रार्थना होते. गोल बसायचं, शास्त्राचं पुस्तक, म्हणजे बायबल, हातोहात फिरवायचं आणि पाळीपाळीने प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं. आधी सासूबाई, मग नवरा, मग मी, मग मुलगी आणि शेवटी सासरे. मुलगी दुपारपासूनच माझ्यामागे लागायची, "मम्मी, आजचं एकदा वाचून दाखव ना." मी वाचून दाखवायचे आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे.

एका संध्याकाळी ऐन प्रार्थनेच्या वेळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब "सलाम" करत दारात उभे राहिले. पाहुण्यांचा मान म्हणून पहिलं वचन त्यांनी वाचलं. दुसरं सासूबाईंनी, तिसरं नवऱ्याने, चौथं मी. मग मुलीने पुस्तक मांडीवर घेतलं, ओळीवरून झोकात बोट फिरवलं आणि मी आत्ताच वाचलेलं चौथं वचन खणखणीत आवाजात पुन्हा म्हणून दाखवलं. रोज माणसं मोजून आपल्या वाट्याचं वचन ती पाठ करून ठेवत होती. पाळकसाहेबांनी तिचा हिशेब एकाने चुकवला होता. सगळे तिच्याकडे बघत राहिले. सासऱ्यांनी मात्र शांतपणे तिच्या हातातून पुस्तक घेतलं, पाचवं वचन म्हटलं आणि गाडी रुळावर आणली.

पाळकसाहेब चहा घेऊन गेल्यावर मी पोरीपुढे दुसरीचं पुस्तक ठेवलं. तिला एक ओळ वाचता येईना. वर्गातही ती शेजारणीचं ऐकून म्हणत होती, आणि ते जमेनासं झाल्यावर तिने वर्गात तोंड उघडणंच सोडलं होतं. सोमवार ते शनिवार सकाळी तिचं पोट का दुखतं आणि रविवारी का दुखत नाही, हे मला तेव्हा कळलं. मला माझाच राग आला. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की बुद्धी ठणठणीत आहे, अक्षरांशी तिचं जमत नाही, वेळ द्या. मुलगी म्हणाली, "अक्षरं पाघळतात."

मी तिला वर्षभर घरीच शिकवायचं ठरवलं. हे मी एका निवृत्त हेडमास्तरांच्या घरात ठरवलं होतं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हेडमास्तरांची नात शाळेत जात नाही, हे गावाला मी कोणत्या तोंडाने सांगू?" बऱ्याच वादानंतर त्यांनी मुदत दिली. जूनमध्ये ते स्वतः परीक्षा घेणार. आधी कुणी न सांगितलेला उतारा तिने वाचायचा. वाचता आला नाही, तर तिची रवानगी वसतिगृहाच्या शाळेत. तिथले मुख्याध्यापक त्यांचे जुने विद्यार्थी होते. "दोन महिन्यांत पोपटासारखी वाचेल," ते म्हणाले. त्या रात्री मी जेवले नाही.

गोष्टींच्या पुस्तकांतूनच सगळे विषय शिकवायचा एक प्रकार असतो, हे मी मोबाईलवरच्या आयांच्या एका ग्रुपवर वाचलं होतं. एक गोष्ट घ्यायची, ती आधी मुलाला वाचून दाखवायची, आणि भूगोल, गणित, विज्ञान त्या गोष्टीतूनच काढायचं. ज्या मुलांना वाचनाचं भय वाटतं त्यांना हे मानवतं, असं आयांचं म्हणणं होतं. मी सासऱ्यांना सांगितलं, असा एक संच मागवते.

"एक? तीन नमुने समोर असल्याशिवाय मी शाळेत डस्टरसुद्धा घेतला नाही," ते म्हणाले आणि त्यांनी निवड समिती स्थापन केली. अध्यक्ष ते, सचिव मी, सदस्य सासूबाई, आणि माझा नवरा साखर कारखान्याच्या पाळ्यांमुळे निमंत्रित. सभावृत्तासाठी लाल पाठीची वही आली. मुलगी वेताच्या मोड्यावर येऊन बसली, तर अध्यक्षांनी तिला उठवलं आणि वहीत पहिला ठराव झाला: लाभार्थीने सभेस बसू नये. लाभार्थी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहून ऐकत होती.

पहिला संच खोकं भरून आला. सगळा इंग्रजी, गुळगुळीत. पहिल्या आठवड्याचा पाठ होता, अंगणात पडलेल्या बर्फाचा माणूस करा आणि त्याची उंची मोजा. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडं बरफ फक्त मच्छीवाल्याकडं हाय." अध्यक्षांनी पुस्तक खिडकीशी नेलं, हात लांब करून धरलं, मग जवळ आणलं आणि म्हणाले, "छपाई बारीक. नामंजूर." दुसरा पुण्याच्या एका बाईंचा, मराठी, फार देखणा. त्यातली मुलं सारखी समुद्रावर शिंपले वेचत होती. अध्यक्षांनी तोही खिडकीशी नेला. "शाई फिकी. नामंजूर."

"पुस्तक निवडताय का लुगडं?" सासूबाई म्हणाल्या. त्या पाथर्डीकडच्या, समितीला बिचकत नाहीत. हे वाक्य सभावृत्तात घ्यायचं का, यावर दहा मिनिटं गेली.

तिसरा नमुना राजूरजवळच्या एका गुरुजींचा. त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी ऐकून स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या. खेकडे धरायला गेलेल्या बहिणींची, भातलावणीच्या दिवशी हरवलेल्या बैलाची. प्रत्येक गोष्ट म्हातारीच्याच आवाजात मोबाईलवर ऐकायला मिळे. झेरॉक्सवाल्याने चुकून सगळं मोठं काढलं होतं, त्यामुळे एका पानावर जेमतेम चार ओळी बसत होत्या आणि एकेक अक्षर पेरूएवढं झालं होतं. गुरुजींनी चिठ्ठीत त्याबद्दल माफी मागितली होती. अध्यक्षांनी ते पान खिडकीशी नेलंच नाही. जागेवरच बसून बघत राहिले. मग म्हणाले, "अक्षर ठसठशीत. एकमताने मंजूर." मला भरून आलं. पोरीची एवढी काळजी त्यांच्या पोटात आहे, असं मी नवऱ्याला फोन करून सांगितलं.

शाळेतून सोडवून आणलेल्या पोरीसाठी मग घरातच शाळा उभी राहिली. दहाला सासूबाई कुकरच्या झाकणावर पळी मारून घंटा करत. हजेरीपटावर एकच नाव होतं, तरी अध्यक्ष "शांतता" म्हणून ते पुकारत. तिला ताप आला तेव्हा पालकांचा रजेचा अर्ज हवा म्हणाले. तो मी लिहिला आणि शिक्षिका म्हणून मीच मंजूर केला. पालक-शिक्षक सभाही झाली. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या होत्या. मी एकीवर बसून गृहपाठ जास्त असल्याची तक्रार केली, मग उठून दुसरीवर बसले आणि पालकांचं घरी लक्ष नसतं असं सांगितलं. अध्यक्षांनी मला दोन्हीकडून समज दिली.

या सगळ्या पोरखेळात मुलगी मात्र शिकत होती. मोबाईलवर म्हातारी बोलायची, मुलगी पेरूएवढ्या अक्षरांवरून बोट न्यायची. एकच गोष्ट वीस-वीस वेळा. आधी "खे" ओळखीचा झाला, मग "खेकडा". पोट दुखायचं थांबलं. सासरे मागे खुर्ची टाकून रोज तपासणीला बसत आणि म्हातारीबरोबर त्यांचेही ओठ हलत. एकदा घंटा झाली तरी ते पुस्तक खाली ठेवीनात. शेवटच्या महिन्यात मी हळूहळू साध्या छपाईवर आले. तिथे ती अडखळायची, घामाघूम व्हायची. जून जवळ आला तशी माझी झोप उडाली.

परीक्षेच्या संध्याकाळी समिती पूर्ण हजर होती. नवऱ्यानेही पाळी बदलून घेतली होती. उतारा फुटू नये म्हणून अध्यक्षांनी शास्त्राचं पुस्तक स्वतःच उघडलं. "मेंढपाळाचं स्तोत्र," त्यांनी जाहीर केलं, पान मुलीपुढे धरलं आणि म्हणाले, "पहिली ओळ. वाच."

मुलीने पानाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोट ठेवून एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "रा… जा… ने… दू… त…"

"चूक," सासरे म्हणाले.

"रा… जा… ने," ती पुन्हा म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता.

"त्या स्तोत्रात राजा नाही, दूतही नाही. मनाची वाक्यं करू नकोस." आणि त्यांनी ती ओळ डोळे मिटून अचूक म्हणून दाखवली. मला वसतिगृहाची लोखंडी खाट दिसायला लागली. मी उठून तिच्या खांद्यावरून वाकले. पानावर लिहिलं होतं, राजाने दूत पाठवले. ते स्तोत्रच नव्हतं. सासऱ्यांनी भलतंच पान उघडलं होतं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. माणसं मोजून वचनं म्हणणाऱ्याला दुसरा तसला चटकन ओळखू येत असावा. तिने पुस्तक हलकेच मिटलं. "माझंच चुकलं, आजोबा," ती म्हणाली.

वर्षभर तिने ज्यासाठी घाम गाळला होता, ते ती त्यांची चूक झाकायला देऊन टाकत होती, आणि मला बोलावं की गप्प बसावं ते सुचेना. शेवटी सासऱ्यांनीच विचारलं, "काय छापलंय तिथं?" मी सांगितलं.

"व्हय, आता बोला," सासूबाई म्हणाल्या. "दोन वरसं झाली, पेपर मला वाचाया लावताय. मला वाटलं, लाड चाललेत."

सासऱ्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मोतीबिंदू. ऑपरेशनची भीती वाटते, हे हेडमास्तरांना कुणाला सांगता आलं नव्हतं. "अक्षरं पाघळतात," ते म्हणाले. ती पाळकसाहेबांची संध्याकाळ मला आठवली. पाचवं वचन त्यांनी मोजूनच तयार ठेवलेलं होतं.

मुलगी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. "वीसदा ऐकलं की थांबतात," ती म्हणाली.

त्यांनी वही मागवली. मी सचिव म्हणून लिहून घेतलं: लाभार्थी उत्तीर्ण. वसतिगृहाचा विषय कायमचा रद्द. लाभार्थीने सभेस बसावे.

दुसऱ्या दिवशी दहाला कुकरचं झाकण वाजलं. ऑपरेशनची तारीख अजून मिळायची होती. हजेरीपट मुलीच्या हातात होता. त्यावर तिने स्वतः, वेडंवाकडं, दुसरं नाव लिहिलं होतं. बोट ठेवून तिने ते अक्षर-अक्षर वाचलं. तिला बराच वेळ लागला. सासरे खुर्चीतून उठून सतरंजीवर बसले होते, आणि तिचं संपूर्ण वाचून होईपर्यंत थांबून म्हणाले, "हजर, बाई."