काकांच्या डबीतले शिक्के

गेल्या एप्रिलमध्ये, शिष्यवृत्तीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, जपानमधल्या फुनाबोरीच्या मृणालवर अन्याय झाला. विद्यापीठ एकच नाव पाठवणार होतं. तिचा अर्ज तिच्याच शिक्क्यानं मागे घेतला गेला आणि तिला पत्ताच नव्हता. नाव गेलं दुसऱ्याच मुलीचं, काकांच्या साहेबांच्या लेकीचं.

हे काका आमच्या वस्तीतले. दर रविवारी मुलांचे अर्ज फुकट भरून देतात. वाक्यागणिक "काय बाळा?" म्हणतात, घरच्या चकल्या पुढे करतात. इथे सहीऐवजी नावाचा शिक्का चालतो. प्रत्येकाचा शिक्का काका स्वतःच्या डबीत ठेवतात. "तुम्ही पोरं हरवता रे!"

मी मृणालचा शिक्का परत मागितला. एकसारख्या शिक्क्यांतून त्यांनी तो न शोधता उचलला आणि रुमालानं घासून घासून पुसला.

"काका, शेवटचा कुणी वापरला हा?"

"साहेब फार भला माणूस आहे, बाळा. चकली घे."

मी हे विचारलंच नव्हतं.

तुमचा शिक्का त्या डबीत असेल, तर याच रविवारी जा. चकली खुशाल खा, पण शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.